खडी, डांबर आणि ॲल्युमिनियम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी गाळलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण'. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून. पण त्या विषयावरचं इतकं काही तुमच्या फोनवर रोज येऊन पडतं की त्यात माझी भर नको, असं मी त्यांना सांगितलं. मग कशावर बोलणार, असं विचारल्यावर मी म्हटलं, ॲल्युमिनियमवर. पलीकडून जरा वेळाने 'बरं' असं उत्तर आलं. तो 'बरं' कोणत्या सुरातला होता ते तुम्ही ओळखलं असेलच.

माझी पदवी मेटलर्जीची. २००३ साली आम्ही बाहेर पडलो तेव्हा मेटलर्जी काय आणि सिव्हिल काय, बहुतेकांच्या वाटा सॉफ्टवेअर कंपन्यांकडेच जात होत्या. मीही गेले, आणि रमले. पण गेली नऊ वर्षं मी ज्या प्रणालीवर काम करते ती प्रयोगशाळांतल्या चाचणी यंत्रांकडून आकडे गोळा करते. नमुना ताणून तोडणारी यंत्रं, काठिण्य मोजणारी यंत्रं, आणि झीज मोजणारी यंत्रं. म्हणजे धातूला हात लागत नाही, पण धातूचे आकडे रोज डोळ्यांखालून जातात. त्यातल्या झिजेच्या आकड्यांबद्दल मला बोलायचं आहे. का, ते दोन मिनिटांत सांगते. आधी एक छोटं गणित.

एखादी सळई वाकवायला किती जड जाते, त्याला आपण ताठपणा म्हणू. तो मोजायचं एकक गिगापास्कल, ते विसरलात तरी चालेल. पोलादाचा ताठपणा साधारण २००, ॲल्युमिनियमचा ७०, टायटॅनियमचा ११०, मॅग्नेशियमचा ४५. आता प्रत्येकाला त्याच्या घनतेने भागा. पोलाद ७.८, ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५, मॅग्नेशियम १.७४. चारही वेळा उत्तर पंचविसाच्या आसपास येतं. मला हे कॉलेजात पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं होतं की कुणीतरी मुद्दाम जुळवलंय. पोलाद जड आणि ताठ, ॲल्युमिनियम हलकं आणि तेवढ्याच हिशेबाने लवचीक. वजनामागे ताठपणा बघितला तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. ॲल्युमिनियममध्ये तांबं घाला, जस्त घाला, त्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते, पण ताठपणा जवळजवळ सत्तरच राहतो. तो हलवायचा तर आत भलतंच काहीतरी घालावं लागतं.

ते भलतंच म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन माणसाला ते १८९१ साली सापडलं, आणि त्याने त्याला कार्बोरंडम असं नाव दिलं. आपल्याला ते पॉलिश पेपरवर आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या दगडात भेटतं. काठिण्यात हिऱ्यापेक्षा खाली, पण तरी खूपच कठीण. ताठपणा ४००च्या वर, आणि घनता फक्त ३.२. शंभर भागांत वीस भाग ही पूड आणि ऐंशी भाग ॲल्युमिनियम असा मेळ जमला, तर घनता २.८ होते, म्हणजे वजनात फरक नसल्यासारखाच, आणि ताठपणा शंभराच्या घरात जातो. पंचविसाचं उत्तर एकदम पस्तिसावर येतं. याला म्हणतात कणांनी बळकट केलेलं हलक्या धातूचं कॉम्पोझिट. मराठीत संमिश्र म्हटलं की मिश्रधातूशी गोंधळ होतो, म्हणून मी कॉम्पोझिटच म्हणते. मिश्रधातूत एक धातू दुसऱ्यात बराचसा विरघळलेला असतो. इथे पूड पूडच राहते.

आता या विषयाचं कारण. आपल्याच वर्गातला एक मित्र, जो नाव घेऊ नको म्हणालाय आणि आत्ता मान खाली घालून बसलाय, शिरोलीच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं ओतकाम करतो. स्कूटरच्या चाकाचे हब करतो. तुमच्यापैकी कुणी ड्रम ब्रेकचं चाक उघडलेलं बघितलं असेल तर आठवेल: हब ॲल्युमिनियमचा असतो, पण आत जिथे ब्रेक शू घासतो तिथे बिडाची एक राखाडी रिंग ओतकामातच बसवलेली असते. त्याचं गिऱ्हाईक विजेवरच्या स्कूटरसाठी हलका हब मागतंय. आणि एका सल्लागाराने त्याला सुचवलंय की ती बिडाची रिंगच काढून टाक, अख्खा हब कार्बाइडच्या पुडीच्या कॉम्पोझिटचा कर. सोबत एक तक्ता दिलाय. त्यात साध्या ॲल्युमिनियमची झीज एवढी उंच आणि कॉम्पोझिटची एवढुशी. भट्टी, ढवळणी, पूड, सगळ्याचा खर्च त्याला कर्ज काढल्याशिवाय झेपणार नाही. त्याने मला तो तक्ता पाठवून विचारलं, 'हे खरं आहे का गं?'

तक्ता खरा आहे. खोटं त्यात काही नाही. पण त्यावरून कर्ज काढू नये, असं माझं मत आहे, आणि ते का हे मी इथे सगळ्यांसमोर मांडतेय, कारण तो एकटा असला की ऐकत नाही.

झीज कमी का होते, हे आधी बघू. डांबरी रस्ता डोळ्यासमोर आणा. नुसत्या डांबराचा रस्ता एका उन्हाळ्यात टायरला चिकटून निघून जाईल. नुसत्या खडीचा पहिल्याच पावसात विस्कटेल. रस्त्यावर गाडीचा भार घेते खडी, आणि डांबर तिला जागेवर धरून ठेवतं. कॉम्पोझिटमध्ये तसंच. वरचं मऊ ॲल्युमिनियम सुरुवातीला थोडं झिजतं, कार्बाइडचे कण किंचित वर येतात, आणि मग समोरचा पृष्ठभाग त्या कणांवरच टेकतो. हे कण साधारण दहा-वीस मायक्रॉनचे. आपला केस सत्तरेक मायक्रॉन धरला तर त्याच्या चौथाईएवढे. त्यावर चालताना घर्षणाने आणखी एक गंमत होते. समोर पोलाद असेल तर कण त्याला ओरबाडतात, त्याचा लोखंडी चुरा निघतो, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि ॲल्युमिनियमच्या चुऱ्यात मिसळून काळपट पुटासारखा कॉम्पोझिटवर बसतो. झिजलेला नमुना हातात घेतला तर ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग दिसत नाही, हे काळं पुट दिसतं. ते पुटच मग ढालीचं काम करतं.

म्हणजे ढाल बनली कशाची, हे लक्षात आलं ना? समोरच्याच्या अंगाच्या धातूची.

माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. झीज मोजायचं सर्वांत रुळलेलं यंत्र म्हणजे पिन-ऑन-डिस्क. कडक पोलादाची एक चकती फिरत असते आणि तिच्यावर आपल्या धातूची आठ-दहा मिलिमीटर जाडीची पिन ठरावीक वजनाने टेकवतात. आधी पिन तोलायची, हजार-दोन हजार मीटर घासायची, पुन्हा तोलायची. २.७ मिलिग्रॅम कमी भरलं तर एक घन मिलिमीटर ॲल्युमिनियम गेलं. सोपी, स्वस्त चाचणी. आमच्या प्रणालीत या चाचणीचा जो फॉर्म आहे त्यात दोन जागा आहेत, पिनच्या वजनातली घट आणि चकतीच्या वजनातली घट. पहिली भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरी ऐच्छिक आहे. ती सक्तीची करा म्हणून मी दोन वेळा लिहून दिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की ग्राहकांना ते नको आहे, चकती जड असते, ती काढून तोलायला वेगळा काटा लागतो. कारण खोटं नाही. पण परिणाम असा की माझ्यासमोरून जाणाऱ्या नोंदींत पिनचा रकाना भरलेला आणि चकतीचा बहुधा रिकामा असतो. मित्राला मिळालेल्या तक्त्यातही चकतीचं वजन नाही. नवऱ्याने किती कमावलं ते लिहायचं आणि बायकोने किती राबलं ते सोडून द्यायचं, तसलाच हा हिशेब.

मऊ धातूत कठीण पूड धरून बसवणं म्हणजे दुसऱ्या शब्दांत कानस करणं. कॉम्पोझिट स्वतः कमी झिजतं, पण समोरच्यासाठी ती कानसच असते. १९५३ साली आर्चर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने झिजेचं एक सूत्र मांडलं, ते आजही शिकवतात: झिजलेलं घनफळ भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतं, आणि झिजणाऱ्या पृष्ठभागाच्या काठिण्याच्या प्रमाणात कमी होतं. ऐकायला छान. पण त्याच्या पुढे एक गुणक असतो, त्याला 'के' म्हणतात, आणि समोर कोण आहे, तेल आहे का, धूळ आहे का, किती गरम झालं, हे सगळं त्या एका 'के'च्या पोटात कोंबलेलं असतं. धातू तोच, जोडीदार बदलला की 'के' शंभर पटींनीही बदलू शकतो. पुस्तकात ॲल्युमिनियमची घनता मिळते तशी 'ॲल्युमिनियमची झीज' मिळत नाही, ती याचमुळे.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. भार हळूहळू वाढवत नेला तर झीज आधी सावकाश वाढते, आणि एका ठिकाणी अचानक उसळते. साधं ॲल्युमिनियम लवकर उसळतं, कॉम्पोझिट बरंच उशिरा. हा कार्बाइडचा खराखुरा फायदा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण भार इतका झाला की कणच फुटायला लागले, तर फुटलेले कण सुटून दोन पृष्ठभागांच्या मध्ये येतात आणि दोघांनाही घासतात. उखडलेल्या रस्त्यावरची सुटी खडी दुचाकीला काय करते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तक्त्यातले सगळे आकडे एकाच भाराचे असतील, तर उसळी त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कळणार कसं?

ही जोडीची गोष्ट कारखानदारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. शेव्हरोलेची व्हेगा ही मोटार १९७० साली बाजारात आली, तिच्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता आणि सिलिंडरला आतून बिडाचं अस्तर नव्हतं. त्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन होतं. एवढं सिलिकॉन थंड होताना पूर्ण विरघळून राहू शकत नाही, त्याचे कठीण कण आपोआप वेगळे पडतात. म्हणजे पूड न टाकता भट्टीतच तयार झालेलं कॉम्पोझिट म्हणा ना. सिलिंडर घासूनपुसून, वरचं ॲल्युमिनियम रसायनाने किंचित खाऊन, सिलिकॉनचे कण उघडे ठेवले होते. पण त्यात फिरणारा पिस्टनही ॲल्युमिनियमचाच, आणि ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासलं की चिकटतं. म्हणून पिस्टनवर लोखंडाचा मुलामा दिला. बघा, एका बाजूचं अस्तर काढलं आणि दुसऱ्या बाजूला मुलामा चढवावा लागला. त्या इंजिनाचं नाव पुढे फारसं चांगलं राहिलं नाही, त्याची कारणं बरीच होती. पण ती कल्पना मेली नाही. पोर्शेच्या ९२८ मध्येही याच जातीच्या धातूचा ब्लॉक होता.

टोयोटाने १९८३ साली डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तिथे पूड नव्हती, चिनी मातीच्या जातीचे आखूड तंतू होते. पण त्यांनी अख्खा पिस्टन कॉम्पोझिटचा केला नाही. सगळ्यात वरची रिंग ज्या खाचेत बसते, तेवढाच भाग. तिथेच झीज होते, पूर्वी तिथे निकेलयुक्त बीड बसवत. बाकीचा पिस्टन साधा. जिथे घासतं तिथेच कठीण आणि जिथे धक्का बसतो तिथे चिवट.

चिवटपणाचं मुद्दाम सांगते, कारण सल्लागाराच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. ओतकामातलं चांगलं ॲल्युमिनियम, उष्णतेची प्रक्रिया करून, तुटण्याआधी चार-सहा टक्के लांबतं. शंभर मिलिमीटरची सळई चार-सहा मिलिमीटर ताणली जाते आणि मग तुटते. त्यात वीस टक्के कार्बाइड घातलं की ताकद वाढते, ताठपणा वाढतो, आणि लांबणं एका टक्क्याच्याही खाली येतं. कण स्वतः ताणले जात नाहीत. त्यांच्या कडेला भेग सुरू होते, आणि जिथे कणांची गर्दी झालेली असते तिथून ती वाट काढते. लांबणं म्हणजे वाकून सांगणं की बाबा रे, भार जास्त होतोय. कॉम्पोझिट सांगत नाही, तुटतं. आता चाकाचा हब. आपला हायवे, जुलै महिना, पाण्याने भरलेला खड्डा, स्कूटरवर दोघं आणि पुढे शाळेचं दप्तर. तिथे मला वाकणारा हब हवा.

मग अख्ख्या हबाची गोष्ट सोडून देऊ आणि टोयोटासारखं करू. बिडाच्या रिंगच्या जागी कॉम्पोझिटची रिंग आणि बाकीचा हब साधा. यात दम आहे, असं मला वाटतं. रिंगचं वजन निम्म्याहून खाली येईल, कारण बीड ७.२ आणि हे २.८. कॉम्पोझिट उष्णताही बिडाच्या साधारण तिप्पट वेगाने वाहून नेतं, ब्रेकला ते चांगलंच. पण उताराच्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरलेला असेल आणि उष्णता साचत गेली, तर बीड जे सहन करतं ते ॲल्युमिनियम करणार नाही. सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम ५७७ अंशांना वितळायला लागतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, दोनशेच्या पुढेच, नरम पडू लागतं. पूड कितीही कठीण असली तरी तिला धरणारा हात ॲल्युमिनियमचाच आहे.

लोटस कंपनीच्या एलिझ या छोट्या स्पोर्ट्स मोटारीला १९९६ साली अशाच कॉम्पोझिटच्या ब्रेक डिस्क होत्या. गाडी इतकी हलकी की उष्णतेचा प्रश्न आवाक्यात. काही वर्षांनी तिच्यावरही बिडाच्या डिस्क आल्या. आणि अशा डिस्कसोबत पॅडही वेगळे लागतात. नेहमीचे पॅड बिडासाठी घडवलेले असतात. कॉम्पोझिटवर पॅडच्याच द्रव्याचं पातळ पुट बसलं पाहिजे, म्हणजे घासणं पुटावर होतं आणि डिस्क वाचते. ते बसलं नाही तर कार्बाइड पॅडला खातं. तेव्हा माझ्या मित्रा, तुझ्या रिंगची झीज हा खरा प्रश्नच नाही. प्रश्न ब्रेक शूच्या अस्तराचा आहे, आणि ते अस्तर तू बनवत नाहीस.

आता भट्टीकडे जाते, कारण हा भाग मी डोळ्यांनी बघितलाय. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रकल्प याच विषयावर होता. वितळलेल्या धातूत पूड ढवळून घालायच्या पद्धतीत भारतीयांचा मोठा वाटा आहे. प्रदीप रोहतगी हे १९६०च्या दशकात अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत असताना त्यांनी निकेलचा लेप दिलेली ग्रॅफाइटची पूड वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये घालून दाखवली. पुढे ते भारतात आले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मग तिरुवनंतपुरम आणि भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळांत राहिले, आणि नंतर पुन्हा अमेरिकेत गेले. औष्णिक वीज केंद्रातली राख ॲल्युमिनियममध्ये घालण्याचं कामही त्यांचंच. आपल्याकडे कोराडी आणि चंद्रपूरला राखेचे डोंगर आहेत, म्हणून ती कल्पना मला फार आवडते, पण तो विषय वेगळ्या भाषणाचा. ग्रॅफाइटही मऊ आणि वंगणासारखं असल्यामुळे झीज कमी करतं, हे लक्षात घ्या. म्हणजे झीज कमी करायला कठीणच काहीतरी घालावं लागतं असं नाही. बेअरिंगसाठी ते उत्तम. ब्रेकमध्ये मात्र घर्षण हवंच म्हणून पैसे मोजलेले असतात, तिथे ग्रॅफाइट जपूनच घालावं लागतं.

तर ढवळणं. पिठलं करताना पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन वैरायचं आणि दुसऱ्या हाताने घोटायचं. एकदम ओतलं की गुठळ्या. इथे तसंच, फक्त अडचण आणखी मोठी, कारण वितळलेल्या ॲल्युमिनियमला कार्बाइड भिजवताच येत नाही. अळूच्या पानावर पाणी जसं घरंगळतं, तसं ते पुडीवरून घरंगळतं. पूड वर तरंगत राहते. म्हणून ती आधी रव्यासारखी भाजून घेतात, ओलावा जातो आणि कणांवर ऑक्साइडचा थर येतो. धातूत थोडं मॅग्नेशियम घालतात, त्याने भिजणं सुधारतं. फार जोरात ढवळलं तर हवा आत ओढली जाते आणि ओतकाम सच्छिद्र होतं. हळू ढवळलं तर गुठळ्या. धातू जास्त वेळ जास्त तापला तर ॲल्युमिनियम आणि कार्बाइडची प्रक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड बनतं, ते ठिसूळ असतं आणि ओलावा लागला की हळूहळू विरतं. भरपूर सिलिकॉन असलेला धातू घेतला की हे टळतं, म्हणून या कामाला नऊ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉनचा धातू वापरतात. आणि ढवळणं थांबवलं की पूड खाली बसायला लागते, कारण ती ३.२ आणि वितळलेला धातू २.४. डावाने वरवरचं ओतत राहिलात, तर सकाळची रिंग पातळ आणि दुपारची घट्ट. दोन्हींवर शिक्का एकच.

प्रयोगशाळेत एक किलोची मूस सांभाळणं आणि कारखान्यात पाळीला शेकडो नग काढणं यातलं हे अंतर आहे. ते पार करता येतं. जगात काही कंपन्यांनी केलंय, आणि विजेच्या रेल्वे इंजिनांतल्या इलेक्ट्रॉनिक्सखाली ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइडच्या पट्ट्या आज नेहमीच्या झाल्यात, तिथे पुडीचं प्रमाण साठ टक्क्यांच्याही वर असतं. पण तिथे घासणं नाहीच, तिथे उष्णतेने कमी फुगणं हा गुण हवा असतो. तिथे पद्धतही वेगळी आहे, आधी पुडीचा साचा करून त्यात दाबाने धातू भरतात.

शेवटच्या दोन गोष्टी निव्वळ धंद्याच्या. ओतकाम झाल्यावर रिंग आतून लेथवर घ्यावी लागणार. नेहमीचं टंगस्टन कार्बाइडचं टूल सिलिकॉन कार्बाइडपेक्षा मऊ असतं, काही नगांतच बोथट होतं. हिऱ्याचं टूल लागतं आणि त्याची किंमत आपल्या मित्राला माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगली. आणि रायझर-गेटचे कापलेले तुकडे. आज ते पुन्हा भट्टीत जातात. कॉम्पोझिटचे तुकडे त्याच ढिगात पडले, तर पुढच्या साध्या हबातही कार्बाइड शिरेल आणि कुणाला कळणार नाही. भंगारवालाही वेगळं ठेवलेलं घेताना भाव पाडेल. दोन ढीग, दोन भट्ट्या, दोन रंगांच्या पेट्या, हे पहिल्या दिवसापासून करावं लागेल.

परवा आम्ही दोघं बसलो आणि एवढं ठरवलं की ढवळायची भट्टी आत्ता घ्यायची नाही. तयार कॉम्पोझिटच्या थोड्या इनगॉट विकत घ्यायच्या, त्याच्या रोजच्या भट्टीत नाही तर वेगळ्या मुशीत वितळवायच्या, आणि दहा-बारा रिंगा ओतून साध्या हबात बसवायच्या. ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे रिंग आणि हब नीट सांधतील का, ही मोठी शंका आहे, ती कापून बघितल्याशिवाय फिटणार नाही. मग गिऱ्हाईक वापरतं तोच ब्रेक शू आणि दुसऱ्या जातीचे दोन शू लावून घासायचं. कोरडं घासायचं, पाणी मारून घासायचं, आणि आपल्या इकडची लाल माती कालवूनही घासायचं. मातीतल्या वाळूचे कण कार्बाइडपेक्षा मऊ, पण आकाराने मोठे असतात. ते कार्बाइडच्या कणाला ओरखडा काढत नाहीत, त्याच्या आजूबाजूचं ॲल्युमिनियम खरवडून त्याला मुळासकट उपटतात. दरवेळी रिंगही तोलायची आणि शूही तोलायचा. दोन्ही वजनांचा कागद माझ्याकडे यायचा. हे सगळं नीट निघालं तरच पुढे पुण्याला रीतसर ब्रेक चाचण्या. आणि नाही निघालं तर बिडाची रिंग आहेच, तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

तुमच्यापैकी निदान तिघं जण मशीन शॉप चालवता, हे मला काल रात्रीच्या जेवणात कळलं. हिऱ्याच्या टूलचा एखादा वापरलेला इन्सर्ट कुणाकडे पडून असेल, तर आम्हाला आठवडाभर उसना हवा आहे. परत करताना बोथट झालेला असेल, हे आधीच सांगते.